बसक्या आवाजाचे रुपये

दसऱ्याआधी शेजारी पितळेची भांडी निघाली आणि भिजवलेल्या चिंचेचा आंबट वास आमच्या ओसरीपर्यंत आला. माजरी या आमच्या खाणीच्या गावात कोळशाची धूळ कशालाच सोडत नाही. त्या ढिगात पूजेतले जुने रुपयेही होते. ते चिंचेनं घासले जाताना मला बघवेना.

आमची आजी रुपये घासत नसे, फरशीवर टाकून ऐकायची. "घासू नको त्याले पोरी, आवाज आइक." पंचम जॉर्जचा रुपया खणखणत लांब जायचा, सहाव्या जॉर्जचे बरेचसे बसक्या आवाजात गप्प व्हायचे. जुन्या रुपयात सुमारे 92 टक्के चांदी होती, 1940 मध्ये ती निम्म्यावर आली आणि 1947 च्या रुपयात नुसतं निकेल उरलं.

रोममध्येही हेच घडलं होतं. बादशहा ऑगस्टसचं देनारियस हे नाणं जवळजवळ शुद्ध चांदीचं, नीरोनं इ.स. 64 च्या सुमारास चांदी घटवली, आणि तिसऱ्या शतकात गॅलिएनसच्या कारकिर्दीच्या अखेरीस रोमच्या नाण्यांना वर चांदीची झाक, आत बहुतेक तांबंच. खोटी नाणी पाडणारे तर फार आधीपासून तांब्यावर चांदीचा पत्रा चढवत. असं नाणं वजनाला हलकं भरतं, कडेला हिरवं दिसतं, कुठे कुठे पत्रा फुगलेला असतो. चिंचेचं आम्ल त्या फटीतून शिरून तांबं खातं, चांदी पापुद्र्यानं सुटते आणि तिच्याबरोबर राजाचा चेहरा, अक्षरं, सगळं जातं. शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी, बांबूची काडी, भिंग आणि सबुरी, एवढंच त्याला चालतं. घासून चकाकवलेली नाणी जास्त भावानं विकणाऱ्यांवर माझा राग आहे, तो जाणार नाही.

नाण्यावरच्या खुणा जपल्या तर काय कळतं बघा. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारला आहे. जिंकलेल्यानं ती वितळवली नाहीत. ठशाखाली नहपानाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरांचे अवशेष अजून ओळखू येतात, म्हणून तर कोणी कोणाला हरवलं ते आपल्याला नाण्यावरच वाचता येतं.

आजीच्या गाडग्यातल्या त्या बसक्या रुपयांचीच मला जास्त माया आहे. चांदी निम्मी झाली म्हणून आजोबांची खाणीतली पाळी निम्मी झाली नव्हती.

सातवाहनांची पोटिन या मिश्रधातूची नाणी आपल्या जुन्या चांदा जिल्ह्यातही सापडली आहेत. नांगरताना, पाया खणताना तुम्हाला काही लागलं तर चिंच, लिंबू, राख काही लावू नका. मातीसकट कागदात गुंडाळा आणि तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. दहा रुपयांहून जास्त मोलाचं गुप्तधन सापडलं तर ते कळवणं 1878 च्या कायद्यानं बंधनकारक आहे.