कडेला कड

बालवाडीतल्या मुलांच्या हाती मी आधी कात्री देत नाही, आधी घडी शिकवते. कात्रीने केलेले दोन तुकडे सारखे झाले का, हे मुलाला ताईला विचारावं लागतं. घडीचं तसं नसतं. कडेला कड लागली, कोपऱ्यावर कोपरा बसला, वरून नख फिरवलं, की अर्धा झालाच. कड जराशी बाहेर राहिली तर चार वर्षांचं मूलही आपणहून घडी उलगडतं आणि पुन्हा घालतं. ‘चुकलं’ म्हणायला मी लागतच नाही.

रंगीत चौरस कागद दुकानात आयते मिळतात. मला रद्दीचा पेपर बरा वाटतो, कारण चौरस मुलांनी स्वतः काढावा. पानाची आखूड कड तिरकी आणून लांब कडेवर बसवायची, उरलेली पट्टी फाडायची. उलगडलं की चारही बाजू सारख्या.

मग दोन चौरस घ्यायचे. एक कडेला कड लावून दुमडायचा, दुसरा कोपऱ्याला कोपरा. इकडे आयत, तिकडे त्रिकोण. ‘मोठा कुठला?’ पुष्कळ मुलं त्रिकोणाकडे बोट दाखवतात, तो लांबलचक दिसतो ना! आता मात्र मी कात्री काढते. दोन्ही घड्यांवरून कापून एकेक अर्धा घेते. आयताचे दोन छोटे चौरस करायचे, त्यातला एक कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापायचा आणि हे तिन्ही तुकडे त्रिकोणावर मांडायचे. मुलं तुकडे फिरवत बसतात, आणि त्रिकोण काठोकाठ भरतो. क्षेत्रफळ हा शब्द त्यांना कितीतरी वर्षांनी भेटेल. आकार बदलला तरी ते तेवढंच राहतं, हे त्यांच्या बोटांना आजच कळलेलं असतं.

‘खेळच चाललेत, अंक कधी शिकवणार?’ असं पालक विचारतात, तेव्हा मला सुंदर राव आठवतात. 1893 साली मद्रासला त्यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती मांडणारं पुस्तक काढलं. ते सुचलं किंडरगार्टनमधल्या घडीकामावरून, असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

अंकही येतातच. एक घडी, दोन कप्पे. आणखी एक, चार. पुढे किती? ‘सहा!’ उलगडून मोजतात तर आठ. मी काही समजावत नाही, पुन्हा एक घडी घालायला सांगते.

तीन सारखे भाग मात्र अवघड. तिथे कोपरा धरून चालत नाही. कागद सैलसर गुंडाळून, दोन्ही कडा हळूहळू सरकवत अंदाज घ्यावा लागतो. तो मी मोठ्या गटासाठी राखून ठेवते.