दोन मुळांमधली भिंत

खालच्या दाढेला बहुधा दोन मुळं असतात, वरच्या दाढेला तीन. या मुळांच्या मधोमध हाडाची एक लहानशी भिंत उभी असते. दंतवैद्य तिला सेप्टम म्हणतात. ज्वारीची कडक भाकरी दाढेखाली मोडणाऱ्यांच्या जबड्यात ती राबते आहे, पण तिची ओळख कुणाला नाही.

स्वभावानं ती निष्ठावंत. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली मोठी दाढ येते, तेव्हापासून ती या दाढेच्या मुळांना बिलगून असते. चावण्याचा भार मुळांवरून तिच्यावर येतो आणि तो भार झेलूनच ती धडधाकट राहते. दाढ गेली, की तिचं कामच संपतं. मग ती झिजू लागते, आजूबाजूचं हाडही आक्रसतं. दात काढल्यावर सहा महिन्यांत तिथल्या हाडाची रुंदी 29 ते 63 टक्क्यांनी घटते, असं 2012 च्या एका आढाव्यात दिसलं. गालाकडची बाजू जास्त खचते.

तिची खरी किंमत कळते ती दाढ काढून त्याच बैठकीत इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम मूळ, बसवताना. दाढेचा खड्डा रुंद, टायटॅनियमचा स्क्रू त्या मानानं बारीक. त्याला घट्ट धरणार कोण? हीच. स्मिथ आणि टार्नो यांनी 2013 मध्ये दाढेच्या खड्ड्यांचे तीन प्रकार सांगितले, तेही हिच्याकडे पाहूनच. पहिल्यात ती स्क्रूला चहूबाजूंनी कवेत घेते. दुसऱ्यात धरून ठेवते, पण पुरती झाकत नाही. तिसऱ्यात तिचा आधार उरलेलाच नसतो. खड्ड्याच्या बाहेरच्या भिंतींवर भिस्त ठेवावी लागते.

स्क्रू बसवला म्हणून हाडाची झीज थांबत नाही. म्हणून स्क्रू आणि हाड यांच्यातल्या फटीत बरेच डॉक्टर हाडाची भुकटी भरतात. पुढचे काही महिने हाड टायटॅनियमला चिकटून वाढत जातं. तंबाखू आणि आटोक्यात नसलेली रक्तातली साखर या काळात घात करतात.

तिचा सगळ्यात मोठा वैरी मात्र घाई. पक्कड लावून अख्खी दाढ हिसकली, तर ही भिंत मोडू शकते. दाढ मुळांगणिक कापून एकेक मूळ अलगद काढलं, तर ती शाबूत राहण्याची शक्यता वाढते. वेळ थोडा जास्त लागतो, पण तो द्यावाच.

म्हणून दाढ वाचण्यासारखी असेल, तर आधी ती वाचवा. काढावीच लागली, तर खुर्चीत बसण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा : पुढं इम्प्लांट बसवायचा आहे, मुळांमधलं हाड राखता येईल का? दाढ काढून झाल्यावर या प्रश्नाला उशीर झालेला असतो.