मुळावरची खरखर

करवीर, कागल, राधानगरीकडच्या खेड्यांतून येणाऱ्या मावशींच्या तोंडात मला जास्त भीती वाटते ती रक्त न येणाऱ्या हिरड्यांची. "डॉक्टर, हिरड्या घट्ट हायत की. रोज मिश्री लावतो न्हवं!" मिश्रीतल्या तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात. सूज दिसत नाही, रक्त येत नाही, आणि आत हाड झिजत राहतं. निरोगी हिरडी आणि दात यांच्या फटीत प्रोब (खोली मोजायची बारीक सळई) १ ते ३ मिलिमीटर जातो. इथं तो ६-७ मिलिमीटर आत जातो, तेव्हा मावशींना काय सांगावं, सुचत नाही.

पंचगंगा नदीच्या घाटावरचं शेवाळ पाण्यानं जात नाही, घासावंच लागतं. दातावरचा जिवाणूंचा चिकट थर तसाच. चूळ भरून तो निघत नाही, नुसत्या गोळ्यांनीही नाही. लाळेतल्या क्षारांनी त्याचं कीटण होतं. खाली फटीत, हवा नसते तिथं, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिससारखे जिवाणू वाढतात. त्यांच्याशी झुंजताना आपलीच प्रतिकारशक्ती हाड झिजवते. मधुमेह असला तर फारच लवकर. १९६५ साली संशोधक हॅराल्ड ल्यो यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी तरुणांना दात घासणं थांबवायला लावलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू केल्यावर त्या बऱ्याही झाल्या.

माझं खरं काम हिरडीच्या आड, न दिसणाऱ्या जागी चालतं. मशीननं मोठं कीटण निघतं, पण खोल मुळाशी मी हातानं क्युरेट हे पात्याचं हत्यार चालवतो. पातं मुळाला टेकवून वर ओढायचं. कीटण असेल तर बोटांना खरखर लागते, कानालाही ऐकू येते. हळूहळू ती कमी होते आणि पातं गुळगुळीत सरकतं. तिथंच थांबायचं, अजून एकदा ओढायचा मोह मूळ खरवडतो. हे शहाणपण हाताला यायला वर्षं लागतात.

"साफ केल्यावर दात हलतात" असं गावोगाव बोललं जातं. दात हाड गेल्यामुळं हलतात. कीटणानं ते नुसते जखडून ठेवलेले असतात. सूज उतरल्यावर दातांमधल्या फटी दिसतात, काही दिवस गार पाणी झिणझिणतं, म्हणून माणसं घाबरतात. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही, उरलेलं मात्र वाचवता येतं.

म्हणून ब्रश करताना रक्त आलं तर ब्रश बंद करू नका, मऊ ब्रशनं घासत राहा आणि तपासून घ्या. आणि घरात कुणी मिश्री लावत असेल, तर रक्त येत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. त्यांना आधी घेऊन या.