शब्दाची ओळख : अस्वस्थ



"स्वस्थ बसा रे!" हे वाक्य आपण वर्गात दिवसातून किती वेळा म्हणतो? आज त्याच्या उलट शब्दाची ओळख करून घेऊया.

फोड : अ + स्व + स्थ. 'स्व' म्हणजे स्वतः. 'स्थ' हा संस्कृत 'स्था' (उभे राहणे, असणे) या धातूपासून आला. फळ्यावर ग्रामस्थ, तटस्थ, मध्यस्थ लिहून बघा. गावात राहतो तो ग्रामस्थ, काठावर थांबतो तो तटस्थ, हे मुलं पटकन सांगतात. मग स्वस्थ म्हणजे जो स्वतःच्या ठिकाणी आहे तो. 'अ' लागला की नकार. अस्वस्थ म्हणजे ज्याचं मन ठिकाणावर नाही तो.

अर्थ : बेचैन, अशांत, आजारी. हिंदीत 'स्वस्थ' म्हणजे निरोगी. मराठीत तो मुख्यतः शांत, निवांत या अर्थाने येतो.

वाक्यात उपयोग :
१) पुराची बातमी ऐकून आई अस्वस्थ झाली.
२) रात्रभर त्याला अस्वस्थ वाटत होते.

जवळचे शब्द : निकालाआधी होते ती धाकधूक, पाहुणे गेल्यावर लागते ती हुरहुर, काम राहून गेल्यावर वाटते ती रुखरुख. 'अस्वस्थ' यात हे सगळं मावतं, म्हणून कारण विचारावं लागतं.

लेखनात काळजी : मुलं 'अस्वस्त' लिहितात. शेवटी 'स्थ' हवा.

आता मुद्द्याची गोष्ट. ऊसतोडीहून परतलेलं मूल वर्षाच्या शेवटी वर्गात येऊन बसतं. चुळबुळ करतं, खिडकीबाहेर बघतं. आपण ओरडतो, "स्वस्थ बस!" पण शब्दाची फोड आठवा. सहा महिन्यांत त्याचं घर, शेजार, शाळा, सगळ्या जागा बदलल्या. हाताची घडी घालून ते गप्प बसेल, पण स्वस्थ होईल का? आणि त्याच्याकडे हा शब्दच नसेल, तर ते एवढंच म्हणणार, "बाई, पोट दुखतंय."

उपक्रम : मुलांना वाक्य पूर्ण करायला द्या – 'मला अस्वस्थ वाटतं, जेव्हा...' या वाक्याला गुण देऊ नका, ते मोठ्याने वाचायला लावू नका. फक्त घरी नेऊन निवांत वाचा.