रिकाम्या गाडीचं वजन

मांजरसुंब्याच्या घाटात पवनचक्कीचं पातं नेणारा ट्रेलर वळू लागला की दोन्हीकडची वाहतूक थांबते. लोक उतरून फोटो काढतात. कित्येकांना ते पातं लोखंडी वाटतं. असतं काचतंतू आणि रेझिनचं कंपोझिट, आत बाल्साचं हलकं लाकूड नाहीतर फोम. पात्याची लांबी दुप्पट केली की वारा धरणारं क्षेत्र चौपट होतं, वजन मात्र आठपटीकडे धावतं. लोखंड इथेच हरतं.

या हलकेपणाची दुसरी बाजू : हे रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. पातं निकामी झालं की भंगारवालाही हात लावणार नाही.

पाण्याच्या तुलनेत पोलाद ७.८५ पट जड, अ‍ॅल्युमिनियम २.७ पट, कार्बनतंतूचं कंपोझिट साधारण १.६ पट. बोइंग ७८७ विमानाच्या सांगाड्याचं निम्मं वजन अशा कंपोझिटचं आहे. त्याच्या फरशीखालच्या तुळया नागपुरात, मिहानमधल्या टाटांच्या कारखान्यात तयार झाल्या. जुन्या विमानांपेक्षा २० टक्के इंधन कमी, असं कंपनी सांगते. त्यातलं बरंचसं श्रेय मात्र नव्या इंजिनांचं.

मोटारीचा ढोबळ हिशोब : वजन १० टक्के घटलं की इंधन ६ ते ८ टक्के वाचतं.

आपली एसटी मात्र उलट्या दिशेने गेली. लालपरीची अ‍ॅल्युमिनियमची बॉडी अपघातात फाटायची, पत्रे प्रवाशांना कापायचे. म्हणून माइल्ड स्टीलची आली. मला हा निर्णय पटतो. डिझेल वाचवायला माणसं स्वस्त करायची नसतात.

आता ऊसतोडीतली बैलांची टायरगाडी. दिवाळीच्या आगेमागे धारूर, वडवणी, शिरूर कासारकडचे कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. तिथे जुंपलेली गाडी पूर्ण लोखंडी. कारण उघड आहे : कुठल्याही फाट्यावर वेल्डिंगवाला भेटतो, काचतंतूचा कारागीर भेटत नाही. इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये ‘सारथी’ नावाचं आधारचाक बसवून बैलांच्या मानेवरचा भार कमी करून दाखवला. उत्तम काम. पण गाडी तेवढीच जड राहिली.

विमानातला एक किलो वाचला की त्याचं इंधन पुढे वीस-पंचवीस वर्षं वाचतं, म्हणून तिथे महाग तंतू परवडतो. बैल डिझेलचं बिल पाठवत नाही, म्हणून त्याच्यामागचा जादा किलो कुणी मोजत नाही. खरं तर मोजतात. काट्यावर भरलेली गाडी तोलतात, मोळ्या उतरवून रिकामी तोलतात, आणि मजुरी निघते ती फरकावर. रिकाम्या गाडीचा आकडा फक्त वजाबाकीपुरता.

बीड-अंबाजोगाईच्या अभियांत्रिकीच्या पोरांनो, प्रकल्पाला विषय शोधत असाल तर सबंध गाडी बदलू नका. लोखंडी साटा तसाच ठेवा, तळाच्या पत्र्यापासून सुरुवात करा, आणि फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्याला दुरुस्त करता येईल असंच काहीतरी बनवा.