आवणीआधीची बाग

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. जव्हार-मोखाड्यात जुलैमध्ये एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्याची बातमी होत नाही. पण तेवढ्या पावसाने एका गुंठ्यावर दहा हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे एक टँकर पूर्ण रिकामा होतो. दुसऱ्या दिवशी आणखी एक आणि तिसऱ्या दिवशी आणखी एक. एप्रिल-मेमध्ये याच दोन तालुक्यांतले कितीतरी पाडे टँकरची वाट बघत बसलेले असतात. भाजीपाल्याविषयी आपल्याकडे जे छापून येतं, त्यातला बराचसा भाग पाणी कसं द्यावं याबद्दल असतो. इथे मात्र बाग धरताना पहिला विचार करावा लागतो तो पाणी बाहेर कसं काढायचं याचा.

मी दापोलीच्या कृषी विद्यापीठात उद्यानविद्या शिकले आणि पुढे याच भागात भाजीपाल्याचं काम करत राहिले. जव्हारचं पठार, त्यापलीकडे मोखाड्याचे डोंगर, खोडाळा-सूर्यमाळकडचा चढ. वैतरणा, पिंजाळ, वाघ या नद्यांची खोरी. पाऊस वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या घरात आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. खाचरं थोडी, बाकी उताराची वरकस जमीन. तिच्यावर नागली आणि वरई. माती तांबूस, पातळ, किंचित आम्ल, आणि हात-दीड हातावर मुरूम. वैतरणेचं पाणी धरणांत साठून मुंबईला जातं. डोंगरावरच्या पाड्यात पावसाळा सरला की चार महिन्यांत झरा आटतो.

या भागात भाजीच्या तुकड्याला शोभेच्या बागेपेक्षा वेगळं वजन आहे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी अख्खं राज्य हादरलं. त्यानंतर कुपोषण हा शब्द या दोन तालुक्यांच्या नावाला चिकटला तो कायमचा. एका बागेने कुपोषण जाणार नाही, हे मी स्वच्छ सांगते. त्याला पोटभर धान्य लागतं, डाळ-तेल लागतं, वेळेवर औषध लागतं, आईला विश्रांती लागते. पण आषाढ ते भाद्रपद या काळात मागच्या वर्षीचा भात-नागली संपलेली असते आणि हातात पैसा नसतो. तेव्हा रोज ताटात पडणारी ताजी भाजी ही मोठी गोष्ट आहे. आणि ती इथे पिकवता येते.

मात्र बाग कधी द्यायला लागावी, हे आधी ठरवायला हवं. पहिल्या पावसाबरोबर जंगल आणि माळ आपणहून भाजी देतात. शेवळं, लोत, मग कुर्डू, टाकळा, कोळी, भारंगी. पुढे करटोली आणि बांबूचे कोंब. यातल्या कुठल्या भाजीला चिंचेचा किंवा आंब्याचा आंबटपणा हवा, नाहीतर घशाला खाज सुटते, हे इथल्या मुलींना लहानपणापासून माहीत असतं. जून-जुलैत त्यामुळे पालेभाजीची अडचण तितकीशी नसते. अडचण सुरू होते ती श्रावण उतरायला लागल्यावर. टाकळा निबर होतो, कुर्डूला तुरे येतात, नवं भात अजून लोंबीत असतं. परसबागेने नेमका तो खड्डा भरायचा आहे. रानात जे फुकट उगवतं ते जुलैमध्ये वाफ्यात लावण्यात अर्थ नाही. बाग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरात असली पाहिजे.

आता उलटं मोजत या. काकडीला बी टाकल्यापासून पहिलं फळ यायला दीड महिना लागतो, शिराळ्याला त्याहून थोडं जास्त, कारल्याला आणि दुधीला दोन महिन्यांच्या आसपास. म्हणजे बी मृगाच्या सुमाराला मातीत गेलेलं हवं. ते तेव्हाच जायला हवं याला आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं. जुलैमध्ये आवणी, म्हणजे भात-नागलीची लावणी, सुरू होते. आवणीच्या दिवसांत इथली बाई पहाटे घरातून निघते ती अंधार पडल्यावर परतते. आधी खाचरात भात, मग वर चढून माळावर नागली. पाठीवर इरलं किंवा प्लास्टिक, पाय दिवसभर चिखलात. त्या तीन-चार आठवड्यांत तिच्याकडून बागेचं एकही काम होणार नाही आणि तशी अपेक्षा धरणंही अन्यायाचं आहे. बाग आवणीआधी उभी राहिली पाहिजे आणि आवणीभर तिला कोणी हात लावला नाही तरी तिने तग धरला पाहिजे. पावसाच्या प्रदेशातल्या बागेचा सगळा आराखडा मी या एका अटीवरून काढते. कोणतं पीक घ्यायचं, वाफा किती उंच करायचा, मांडव कसा बांधायचा, हे सगळं त्या अटीतून ठरतं.

जागा बघायला मे महिन्यात जाऊ नये. तेव्हा सगळीच जमीन चांगली दिसते. आदल्या पावसाळ्यात धो-धो पाऊस चालू असताना जावं आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठे लालभडक होऊन पळतं ते बघावं. पाणी थांबतं तिथे अळू लावावा. बाकी बागेसाठी सौम्य उताराचा तुकडा निवडावा. घराला लागून असलेल्या जागेत पागोळ्यांचं पाणी कुठे पडतं तेही बघावं. कौलावरून किंवा पत्र्यावरून कोसळणारी धार एका रात्रीत वाफा फोडते.

पहिलं खोदकाम तुकड्याच्या वरच्या अंगाला. डोंगरावरून येणारं पाणी अडवून बाजूला वळवणारा एक आडवा चर काढायचा, हातभर रुंद, तेवढाच खोल. निघालेली माती चराच्या खालच्या बाजूला बांधासारखी टाकायची. चराला अगदी हलका उतार हवा, शंभर फुटांना फूटभर. त्याहून जास्त दिला की चर स्वतःच ओहोळ होतो. हा एक चर झाला तर बागेला फक्त तिच्यावर पडलेला पाऊस सोसावा लागतो, डोंगराचा नाही. बिया आणि खतं यांच्यावर खर्च करण्याआधी बाग धरणाऱ्या बायकांच्या गटाने हे काम संपवावं, असा माझा आग्रह असतो.

मग गादीवाफे. तीन-साडेतीन फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. उंची कमीत कमी एक वीत. खालची माती चिकट असेल तर हातभर. कडेला दगड लावायचे, दगडांना इथे तोटा नाही. दोन वाफ्यांमधली वाट हाच चर. उंची एवढी का, तर मुळांना हवा लागते. पाण्याने भरलेल्या मातीत प्राणवायू हवेच्या तुलनेत दहा हजार पट हळू पसरतो. दोन दिवस पाणी साचलं की मिरचीचं रोप पायाशी पाणी असूनही माना टाकतं. वरून बघणाऱ्याला ते तहानलेलं वाटतं, खरं तर त्याची मुळं गुदमरलेली असतात. कोवळ्या रोपांना याच ओलीत पिथियमसारख्या बुरशा गाठतात आणि देठ जमिनीलगत मऊ होऊन रोप आडवं होतं.

खत एकदम देऊ नये. एवढ्या पावसात नत्र धुऊन जातं आणि पुढच्या पावसाळ्यात ते शेजाऱ्याच्या खाचरात शोधावं लागतं. वाफा भरताना चांगलं कुजलेलं शेणखत, नंतर आवणी संपली की पुन्हा थोडं, आणि फळं लागताना शेणाची पातळ स्लरी. चुलीची राख मात्र सढळ हाताने वापरावी. आम्ल मातीला ती उपकारक आहे आणि तिच्यातला पालाश वेलांना हवाच असतो.

वेल हेच या बागेचं खरं पीक. शिराळी, घोसाळी, कारली, पडवळ, दुधी, काकडी, डांगर. ती जमिनीपासून वर चढतात, वाऱ्यात सुकतात, आणि एकदा मांडवावर गेली की महिनाभर कोणी फिरकलं नाही तरी चालतं. आमच्या विद्यापीठाचे कोकणातल्या पावसासाठी काढलेले वाण चांगले आहेत: कारल्याचा ‘कोंकण तारा’, शिराळ्याचा ‘कोंकण हरिता’, पडवळाचा ‘कोंकण श्वेता’. ते संकरित नसल्यामुळे त्यांचं बी धरता येतं. पण पाड्यावर एखाद्या आजीकडे आढ्याला टांगलेलं जुनं बी असेल तर निम्मी आळी त्याची लावावीत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाली ती अशीच बियाणी जपल्याबद्दल, आणि त्यांचा मुलूखही आपल्यासारखाच सह्याद्रीच्या पावसाचा.

बी थेट जमिनीत टाकलं आणि मृग जोरात बरसला तर ते कुजतं किंवा वाहून जातं. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात पडवीत पळसाच्या पानांच्या द्रोणांत बी लावावं. तीस-चाळीस द्रोणांना रोज तांब्या-दोन तांबे पाणी पुरतं, टंचाईतही तेवढं निघतं. दोन-तीन पानं आली की द्रोणासकट आळ्यात ठेवायचं. वेलवर्गीय रोपांना मुळं हललेली सोसत नाहीत आणि पान तर मातीत कुजूनच जातं.

मांडवाला बांबू हवेत. जमिनीत जाणारं टोक जाळून काळं केलं तर वाळवी आणि कूज लांब राहते. चार कोपऱ्यांना पांगाऱ्याचे ताजे खुंट रोवले तर ते फुटतात, मूळ धरतात, पुढच्या वर्षी खांब बदलावे लागत नाहीत आणि पाला खताला मिळतो. मांडवाची अरुंद बाजू नैऋत्येकडे ठेवावी, सूर्यमाळच्या बाजूचा वारा रुंद मांडव उचलून नेतो.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. सतत पाऊस असला की मधमाश्या बाहेर पडत नाहीत, पराग भिजतो आणि मादीफुलं फळ न धरता गळून जातात. काकडी, कारलं, डांगर यांची फुलं सकाळी उमलतात. शिराळ्याची आणि दुधीची संध्याकाळी, पडवळाची रात्री, आणि त्यांच्याकडे येतात पतंग. एकाच मांडवावर दोन्ही प्रकारचे वेल असले तर दिवसातली कोणतीही उघडीप कोणाच्या ना कोणाच्या कामी येते. पाऊस थांबतच नसेल तर नरफूल तोडून मादीफुलावर टेकवावं. मादीफूल ओळखणं सोपं, त्याच्या मागे इवलं फळ असतं. शाळकरी मुलं हे काम मोठ्या आवडीने करतात.

वाफ्यांवर भेंडी, चवळी, वांगी, मिरची, अंबाडी. कडेने हळद आणि सुरण, चराच्या तोंडाशी अळू, कुंपणावर करांदे आणि कोनफळ. माठ श्रावणाची उघडीप बघून पेरावा, आधी पेरलेलं बारीक बी एका सरीने वाहून जातं. टोमॅटो, कोबी, मेथी, कोथिंबीर, पालक यांच्या नादाला पावसात लागू नये. ज्या बायका पहिल्यांदाच बाग करत आहेत त्यांची पहिली मेहनत मेथीवर घालवली की पुढच्या वर्षी त्या येत नाहीत. वाटपाच्या बियाण्यांच्या पाकिटात ही बियाणी असतील तर ती दिवाळीपर्यंत डब्यात ठेवून द्यावीत.

गोगलगाई येणारच. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्यात टाकून ठेवायचं, सकाळी त्याखाली जमलेल्या गोळा करून मिठाच्या पाण्यात बुडवायच्या. फळमाशीला क्यू-ल्युरचा सापळा. कोंबड्यांना मात्र कुंपणच.

बाग काही घरांनी मिळून सामूहिक जागेत धरली तर भांडण कशावरून होतं, तर तोडणीवरून. पालेभाजी थोडी-थोडी, रोज, जिला जशी गरज तशी खुडायची असते. ती वाटून घेणं अवघड. मांडवावरचं फळ दिसतं, मोजता येतं, एका दिवशी सगळ्यांसमोर उतरवता येतं. म्हणून माझं मत असं झालं आहे की वाफे घरटी वेगळे असावेत. मांडव, वरचा चर आणि कुंपण सगळ्यांचं. आठ-दहा घरांहून जास्त घरं एका मांडवाखाली घेऊ नयेत. ज्यांच्या घराभोवती पाऊलभर जागा नाही अशी कातकरी कुटुंबं पाड्यावर असतील तर पहिला वाफा त्यांचा. मांडवाचा एक वाटा अंगणवाडीला द्यावा. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आदिवासी भागात चालते. त्या जेवणातली भाजी पाड्यावरच्या मांडवावरून आली तर ती ताजी असते आणि बागेवर अंगणवाडीच्या ताईंचीही नजर राहते.

दिवाळीच्या सुमाराला मांडव उतरणीला लागतो. वाघबारशीनंतर घरोघरी चवळीच्या शेंगा, करांदे आणि कोनफळ उकडतात, किसलेली काकडी तांदळाच्या पिठात कालवून पानात वाफवतात. बियासाठी प्रत्येक वेलावरचं दुसरं किंवा तिसरं निरोगी फळ राखलेलं असावं. दुधी, शिराळी वेलावरच वाळू द्यावीत. काकडीचं बी गरासकट दोन दिवस आंबवून, धुऊन, राखेत घोळून ठेवावं.

त्यानंतरचे महिने ही इथली खरी अडचण. जमीन ओली असते, वाल दवावर येतो, मेथी-पालकाचे दिवस तेव्हाच. पण भात झोडून झाला की घरं वीटभट्ट्यांकडे, वसई-भिवंडीकडे निघतात आणि गुरं मोकाट सुटतात. म्हणून हिवाळी बागेचे वाफे जेवढी घरं पाड्यावर राहणार तेवढेच धरावेत. झऱ्याचं पाणी उताराने नळीतून आणता आलं तर बाग फेब्रुवारीपर्यंत चालते. नाहीतर वाल आणि चवळी पुरे.

वरचा चर, दगडी कडा, कुंपण आणि झऱ्यापासूनची नळी एवढ्याचीच तरतूद आधी व्हावी लागते. दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीत आहेत, ग्रामपंचायतीला पेसाचा पाच टक्के निधी थेट मिळतो, आणि मेमध्ये माणसं परतलेली असताना रोजगार हमीचं काम हवंच असतं. हा विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठेवला तर अर्धा पाडा भट्टीवर असतो. तो २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडावा. तेव्हा सगळे घरी असतात, मांडव अजून फळांनी भरलेला असतो आणि पावसाचं पाणी कुठे साचलं, कुठून पळालं हे प्रत्येक बाईने नुकतंच बघितलेलं असतं.