पेट्रोल कोठें जातें?

मध्यमवर्गीयाच्या घरीं मोटार आली म्हणजे तिच्याबरोबर जमाखर्चांत एक नवें खातेंहि येतें. आमच्याकडे तें खातें सौभाग्यवतींच्या स्वाधीन आहे. दुधाच्या व भाजीच्या शेजारीं पेट्रोलाचा रकाना आंखून त्यांत लिटर, रुपये आणि किलोमीटरांचा आंकडा त्या दर भरणीस टिपून ठेवतात. त्यामुळें भाद्रपद संपतां संपतां जें घडलें तें आमच्या आधीं त्यांच्या ध्यानांत आलें. आमची लहान मोटार लिटरला सरासरी १७ किलोमीटर चालत असे. ती पंधरवड्याच्या आंत १२ वर आली. "पेट्रोल कोठें जातं, तेवढं जरा पाहावं," इतकेंच त्या म्हणाल्या. दिवाळीपूर्वीं कुंभार्ली घाट उतरून गुहागरास जाण्याचा बेत ठरलेला होता. वृद्ध मातोश्री व दोन्ही मुलें बरोबर यावयाचीं होतीं.

अशा प्रसंगीं पहिलें काम आंकडा खरा आहे कीं नाहीं हें पाहण्याचें. मोटारीच्या पडद्यावर दिसणारी सरासरी अंदाजाची असते, तिच्यावर विसंबूं नये. टांकी एकाच पंपावर भरावी, नळी प्रथम आपोआप बंद पडली कीं थांबावें, आणि पुढील भरणीपर्यंत झालेल्या किलोमीटरांस त्या भरणीच्या लिटरांनीं भागावें. आम्हीं दोनदां असें केलें. ३०० किलोमीटरांस २५ लिटर. वही खरी ठरली.

परिचितांपैकीं ज्यास विचारावें तो इथेनॉलास दोष देई. इथेनॉलाच्या एका लिटरांतून पेट्रोलाच्या मानानें सुमारें एक तृतीयांश कमी उष्णता मिळते हें खरें. तेव्हां २० टक्के मिश्रण असलेल्या इंधनांत निव्वळ पेट्रोलापेक्षां ६-७ टक्के तूट यावी. पूर्वींच्या १० टक्के मिश्रणाशीं तुलना केली तर तिच्या निम्मी. आमची तूट २९ टक्क्यांची होती, आणि तेंच मिश्रण आम्ही कित्येक महिने भरीत होतों. सरकारवर रागावण्याची सोय या वेळीं झाली नाहीं. टायरांतील हवा पाहिली. ती दोन पौंडांनीं कमी होती. तेवढ्यानें शेंकडा एखादा टक्का जाईल, अधिक नव्हे.

मग एका मोठ्या वर्कशॉपांत गेलों. तेथील गृहस्थ मोठे नम्र. "काका, एअर फिल्टर, इंजेक्टर क्लीनिंग, सगळंच करून घ्या, मायलेज येईल," असें म्हणून त्यांनीं आठ हजारांची यादी पुढें केली. यादी वाचून आम्हांस थोडें आश्चर्य वाटलें. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत फिल्टर तुंबला कीं पेट्रोल अधिक ओढलें जाई. हल्लींच्या इंजिनांत हवा मोजून तिच्या प्रमाणांत इंधन सोडलें जातें, म्हणून तुंबलेल्या फिल्टरानें जोर कमी होतो, खर्च फारसा वाढत नाहीं. मोटार परत आणली.

स्टिअरिंगच्या खालीं यंत्र जोडण्याचें एक छिद्र असतें. एका स्नेह्यांकडून तसलें लहानसें यंत्र आणून आम्हीं तें लावलें. इंजिनाच्या पाण्याचें तपमान ९० अंशांवर स्थिर होतें. म्हणजे थर्मोस्टॅट उघडा राहून इंजिन गारठत नव्हतें. धुरांतील प्राणवायु पाहून संगणक इंधनांत जी दुरुस्ती करतो ती दोन-तीन टक्क्यांच्या आंत होती. इंजिन हवेच्या मानानें अगदीं योग्य पेट्रोल घेत होतें! तें दोषी नव्हतें, त्याच्यावर भार अधिक पडत होता. भार कोठला, एवढाच प्रश्न उरला.

तो आमच्या पेठेंतील वृद्ध मिस्त्रींनीं सोडविला. "इंजिनाला कशाला शिव्या देता साहेब? गाडी ढकलून बघा," ते म्हणाले. सपाट जागीं, गिअर काढून, हातब्रेक सोडून आम्हां दोघांनीं जोर लावला तेव्हां कोठें ती हलली. मग त्यांनीं आम्हांस ब्रेक शक्य तों न लावतां दहा किलोमीटर फिरवून आणावयास सांगितलें. परत येतांच त्यांनीं प्रत्येक चाकापासून वीतभर अंतरावर तळहात धरला. तीन चाकें कोमट होतीं. पुढील डाव्या चाकापाशीं हात ठेववेना.

चाक उतरल्यावर सर्व उलगडा झाला. ब्रेकाचा कॅलिपर दोन खिळ्यांवर मागेंपुढें सरकत असतो. त्यांवर रबरी टोप्या असतात. एक टोपी फाटली होती, पावसाळ्याचें पाणी आंत शिरून खिळा गंजला होता. पाय उचलला तरी पॅड तबकडी सोडीत नव्हते. आंतला पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला, बाहेरचा अर्धा शाबूत, तबकडी तापून निळसर पडलेली. आमचें पेट्रोल या चाकांत उष्णता होऊन जात होतें.

खरी धास्ती आम्हांस पुढचें ऐकून वाटली. ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ३ जातीचें नवें ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाहीं. ओलावा मुरला कीं ती मर्यादा १४० पर्यंत उतरूं शकते. तें उकळलें म्हणजे नळींत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. घाटाच्या उतारावर हें घडलें असतें तर काय, याचा विचार आम्हीं सौभाग्यवतींपुढें बोलून दाखविला नाहीं.

मिस्त्रींनीं खिळे व टोप्या नवीन घातल्या. साधें ग्रीस लावल्यास रबर फुगतें म्हणून सिलिकोनचें लावलें. तबकड्या व पॅड दोन्ही बाजूंचे बदलले, ऑइल सर्व काढून नवें भरलें. साडेपांच हजार झाले. वर्कशॉपाच्या यादींत ब्रेकाचा उल्लेखहि नव्हता.

पुढील भरणीस १६.८ आले. आश्विनांत कुंभार्ली घाट दुसऱ्या गिअरांत उतरलों आणि पायथ्याशीं मोटार थांबवून चारी चाकांपाशीं हात धरून पाहिला. पुढचीं दोन्ही सारखींच तापलीं होतीं. "कसली पूजा चाललीय रे?" मातोश्रींनीं आंतून विचारलें, आणि आम्ही चिपळूणकडे निघालों.